केळापूरहून एका दिवसाची धम्मयात्रा: भद्रावती, नागपूर, पवनी आणि मनसर

केळापूर-पांढरकवड्याच्या धम्मबांधवांना नागपूर नवे नाही. अशोक विजयादशमीला आणि १४ ऑक्टोबरला तालुक्यातल्या जवळजवळ प्रत्येक बुद्धविहारातून एखादी तरी गाडी निघते. रात्री निघायचे, पहाटे दीक्षाभूमीवर पोहोचायचे, रांगेत उभे राहून अभिवादन करायचे, पुस्तके आणि कॅलेंडर घ्यायचे आणि त्याच रात्री परत फिरायचे. हे व्हायलाच हवे. पण त्यापलीकडे आपल्याच विदर्भात दोन हजार वर्षांपूर्वीचे स्तूप आहेत, डोंगरात कोरलेली लेणी आहेत, सम्राट अशोकाच्या काळाकडे बोट दाखवणारा शिलालेख आहे. तिकडे मात्र आपल्या गाड्या क्वचितच वळतात. पवनीचे नाव ऐकलेले दहा तरुण भेटतात. स्तूपाच्या टेकडीवर उभा राहिलेला एखादाच.

म्हणून हा लेख. उपराजधानी नागपूर आणि तिच्या आसपासची बौद्ध स्थळे केळापूर तालुक्यातून कशी पाहावीत, कोणती एका दिवसात होतात, कोणत्यांसाठी मुक्काम लागतो आणि तिथे गेल्यावर नेमके काय पाहायचे, हे आम्ही इथे मांडत आहोत. ज्यांना विहारातर्फे किंवा युवक मंडळातर्फे सहल काढायची आहे, त्यांनी हा लेख जवळ ठेवावा.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. एका दिवसात एकच मुख्य स्थळ ठेवा. आम्ही पहिल्यांदा सहल काढली तेव्हा कागदावर पाच ठिकाणे लिहिली होती. दिवसभर गाडीतच बसलो. शेवटच्या ठिकाणी पोहोचलो तेव्हा अंधार पडला होता आणि मुले झोपली होती. पाच ठिकाणांचे फोटो मोबाईलमध्ये आहेत, पण तिथे काय पाहिले असे कुणी विचारले तर कुणालाच धड सांगता येत नाही.

भद्रावती: केळापूरकरांसाठी सर्वात सोपी सहल

नागपूरच्या आधी भद्रावतीबद्दल लिहितो, कारण सकाळी निघून रात्री घरी येता येईल असे हे सर्वात चांगले स्थळ आहे. पांढरकवडा, करंजी, मारेगाव, वणी आणि पुढे वर्धा नदी ओलांडून चंद्रपूर जिल्ह्यात शिरायचे. एकूण अंतर शंभर किलोमीटरच्या आत-बाहेर. सकाळी सहाला निघालात तर वाटेत चहा घेऊनही नऊच्या सुमारास पोहोचता. पावसाळ्यात मात्र निघण्याआधी वणीत कुणाला तरी फोन करून रस्ता विचारा. वर्धेला पूर आला की पाटाळ्याच्या पुलावरून पाणी जाते आणि वाहतूक बंद होते.

भद्रावतीचे जुने नाव भांदक. रेल्वे स्टेशनवर आजही तेच नाव आहे. गावाजवळच्या विजासन टेकडीत बौद्ध लेणी आहेत. अलेक्झांडर कनिंगहॅम १८७३-७४ च्या मध्य प्रांताच्या दौऱ्यात भांदकला आले आणि त्यांनी येथील अवशेषांचे वर्णन आपल्या अहवालात केले. मुख्य लेणे इतर ठिकाणच्या लेण्यांसारखे सभामंडपाचे नाही. समोरून एक लांब बोगदा सरळ डोंगरात जातो. जुन्या गॅझेटियरमध्ये त्याची लांबी ७१ फूट दिलेली आहे. त्याच्या शेवटी गाभारा आणि त्यात आसनावर बसलेली बुद्धांची भव्य मूर्ती. या बोगद्याला काटकोनात आणखी दोन मार्ग फुटतात आणि त्या प्रत्येकाच्या शेवटीही एकेक गाभारा आणि एकेक बुद्धमूर्ती. अजिंठा-वेरूळ पाहून आलेल्यांनाही ही रचना वेगळी वाटते.

आत उजेड कमी असतो. मोबाईलच्या टॉर्चवर विसंबू नका, दोन-तीन चांगल्या बॅटऱ्या न्या. एका वेळी दहा-बारा जणांनीच आत जावे. बाकीच्यांनी बाहेर बसून, ज्याने वाचून तयारी केली आहे त्याच्याकडून माहिती ऐकावी. पहिला गट बाहेर आला की दुसरा आत. असे केले की धक्काबुक्की होत नाही आणि आत दोन मिनिटे शांत उभे राहता येते. आतमध्ये दोन मिनिटे कुणी बोलले नाही तर काय वाटते, हे तिथे जाऊनच कळेल.

चिनी भिक्खू ह्यूएन त्संग यांनी वर्णन केलेली कोसल देशाची राजधानी म्हणजे हे भांदकच, असे काही जुन्या अभ्यासकांना वाटले होते. इतरांनी ती छत्तीसगडमधल्या सिरपूरकडे नेली. सहलीत माहिती सांगणाऱ्याने दोन्ही मते सांगावीत. आपल्या जवळचे गाव मोठे ठरावे असे आपल्याला वाटणारच, पण खात्री नसलेली गोष्ट ठासून सांगायची आणि पुढे एखाद्या शाळकरी मुलीने पुस्तकात वेगळेच वाचायचे, यात आपलाच विश्वास जातो.

दुपारचे जेवण भद्रावतीत करून चंद्रपूर गाठा. अंतर पंचवीस-सव्वीस किलोमीटर आहे. नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबर १९५६ रोजी, बाबासाहेबांनी चंद्रपूरला येऊन इथल्या जनतेला दीक्षा दिली. बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे यांचा त्या सोहळ्याच्या आयोजनात पुढाकार होता. ती जागा आज चंद्रपूरची दीक्षाभूमी म्हणून ओळखली जाते आणि डॉ. आंबेडकर महाविद्यालयाच्या परिसरात आहे. यवतमाळ जिल्ह्याच्या या टोकाला राहणाऱ्यांना ही दीक्षाभूमी नागपूरपेक्षा जवळ आहे, तरी आपल्या तालुक्यातल्या कित्येकांनी ती पाहिलेली नाही. सायंकाळी घुग्घुस-वणीमार्गे परत. या पट्ट्यात कोळशाच्या ट्रकांची वर्दळ असते, म्हणून अंधार पडायच्या आत वणी गाठण्याचा प्रयत्न करा.

नागपूर: गर्दीच्या दिवसाखेरीजचा एक दिवस

नागपूर केळापूरहून सुमारे दीडशे किलोमीटर. राष्ट्रीय महामार्ग ४४ आपल्या दारावरूनच जातो. करंजी, वडकी, हिंगणघाट, जाम, बुटीबोरी असा सरळ रस्ता. तीन तास धरा. वाटेत टोलनाके आहेत, तेव्हा भाड्याची गाडी ठरवतानाच टोल भाड्यात धरला आहे की वेगळा, हे विचारून घ्या. परतीच्या वेळी यावरून वाद होतात.

दीक्षाभूमी एकदा साध्या दिवशी पाहा. ऑक्टोबरमध्ये लाखोंच्या गर्दीत स्तूप नीट दिसत नाही, दिसतात ती माणसे. डिसेंबर-जानेवारीतल्या एखाद्या सकाळी गेलात तर सांचीच्या धर्तीची तोरणे, आतून संपूर्ण पोकळ असलेला घुमट, बोधिवृक्ष आणि बावीस प्रतिज्ञांचा स्तंभ सावकाश पाहता येतो. स्तूपाचे उद्घाटन १८ डिसेंबर २००१ रोजी तत्कालीन राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते झाले. सोबतच्या मुलांना स्तंभासमोर बसवून बावीस प्रतिज्ञा वाचायला लावा. कार्यक्रमात माईकवरून ऐकणे वेगळे आणि स्वतःच्या तोंडाने एकेक ओळ वाचणे वेगळे.

दुपारी मध्यवर्ती वस्तुसंग्रहालयात जा. नागपूरकर त्याला अजब बंगला म्हणतात. १८६३ साली स्थापन झालेले हे संग्रहालय सिव्हिल लाइन्समध्ये आहे. सरकारी संग्रहालये सहसा सोमवारी बंद असतात, शिवाय अधूनमधून काही दालने दुरुस्तीसाठी बंद असतात. म्हणून आधी चौकशी करूनच दिवस ठरवा. इथे ज्यासाठी जायचे तो देवटेकचा शिलालेख. देवटेक हे चंद्रपूर जिल्ह्यातले नागभीडकडचे गाव. या एकाच शिळेवर दोन लेख आहेत. जुना लेख ब्राह्मी लिपीत असून तो इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातला मानला जातो. त्यात कुण्या स्वामीची, म्हणजे अधिपतीची, प्राण्यांना पकडण्यास आणि मारण्यास मनाई करणारी आज्ञा आहे. हा आदेश अशोकाच्या अधिकाऱ्याने काढला असावा असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांच्यासारख्या अभ्यासकांचे मत आहे. कित्येक शतकांनी वाकाटक राजा रुद्रसेन पहिला याच्या काळात त्याच शिळेवर दुसरा लेख कोरला गेला. जुन्या अक्षरांवर नवी अक्षरे. धम्माच्या या भागातल्या इतिहासाचे काय झाले, हे समजावून सांगायला यापेक्षा चांगले साधन आम्हाला अजून सापडलेले नाही.

वेळ उरला तर काटोल मार्गावरचे चिचोली. तिथल्या शांतिवनात बाबासाहेबांचे कपडे, टंकलेखन यंत्र आणि रोजच्या वापरातल्या वस्तू जपल्या गेल्या. बाबासाहेबांचे सहायक नानकचंद रत्तू यांनी त्या वामनराव गोडबोले यांच्याकडे सोपवल्या होत्या. १९५६ च्या धम्मदीक्षा सोहळ्याच्या तयारीत राबलेले तेच गोडबोले. वस्तूंच्या जतनाची कामे तिथे वेळोवेळी चालू असतात. त्यामुळे त्या पाहायला मिळतील का, हे आदल्या दिवशी विचारून घेतलेले बरे. कामठीचे ड्रॅगन पॅलेस सुंदर आहे आणि मुलांना आवडते, पण ते १९९९ चे. ऐतिहासिक स्थळांच्या यादीत ते मागे ठेवले तरी चालेल.

पवनी: मुक्काम करून जाण्याचे ठिकाण

पवनीला केळापूरहून एका दिवसात जाऊन यायचा हट्ट धरू नका. नागपूरहून उमरेड-भिवापूरमार्गे पवनी ऐंशी किलोमीटरच्या थोडे पुढे आहे, म्हणजे आपल्याला येऊन-जाऊन साडेचारशेच्या वर. शनिवारी नागपूर करा, रात्री एखाद्या विहारात किंवा नातेवाईकांकडे मुक्काम करा आणि रविवारी पवनी. वीस-पंचवीस जणांची झोपायची सोय विहारात होते, पण ती आधी पत्र देऊन मागावी. आयत्या वेळी जाऊन उभे राहू नये.

पवनी हे भंडारा जिल्ह्यातले वैनगंगेकाठचे गाव. जुन्या गावाला एका बाजूला नदी आणि बाकीच्या बाजूंनी तट व खंदक. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी डॉ. शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांच्या मार्गदर्शनाखाली इथे उत्खनन केले. जगन्नाथ टेकडी आणि चांडकापूर अशा दोन ठिकाणी स्तूपांचे अवशेष निघाले. कठड्याचे कोरीव दगडी खांब निघाले, दान देणाऱ्यांची नावे ब्राह्मीत कोरलेले दगड निघाले. बुद्धांची मूर्ती घडवण्याची प्रथा सुरू होण्याआधीचा हा काळ. म्हणून शिल्पांत बुद्ध दिसत नाहीत. रिकामे आसन, बोधिवृक्ष अशी प्रतीके दिसतात. त्यातच एका शिल्पात पाच फण्यांचा नाग आहे आणि त्याचे नाव खाली कोरलेले आहे: मुचलिंद. संबोधीनंतर पावसात बसलेल्या भगवंतांवर फणा धरणारा तोच नागराज.

बाबासाहेबांनी १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणात धम्मदीक्षेसाठी नागपूर का निवडले हे सांगताना नाग लोकांचा उल्लेख केला होता. पवनीचा मुचलिंद मातीतून वर आला तो त्यानंतर तेरा वर्षांनी. हा योग ऐकून अंगावर काटा येतो. तरी शिल्पातला मुचलिंद हा बुद्धचरित्रातल्या प्रसंगातला नाग आहे, तो नाग लोकांचा पुरावा म्हणून थेट वापरता येत नाही. पण विदर्भातल्या उपासक-उपासिकांनी आपल्या पैशांनी दगड कोरून घेऊन दोन हजार वर्षांपूर्वी इथे स्तूप उभा केला, हे मात्र त्या दगडांवरच लिहिलेले आहे. आम्हाला विचाराल तर अभिमानाला तेवढे पुरेसे आहे.

जाण्याआधी मनाची एक तयारी ठेवा. कोरीव खांब, तोरणे, मूर्ती जागेवर दिसतील अशा अपेक्षेने गेलात तर निराश व्हाल. उत्खननातली शिल्पे संग्रहालयांत गेलेली आहेत. समोर असते ती टेकडी, विटा, गवत आणि शेजारी नांदते गाव. म्हणून आधी चित्रे पाहून जा. गावातल्या वाचनालयातून किंवा विद्यापीठाच्या प्राचीन भारतीय इतिहास व पुरातत्त्व विभागातून पवनीच्या उत्खनन अहवालातली छायाचित्रे मिळवा, त्यांच्या प्रती काढा आणि टेकडीवर उभे राहून दाखवा. टेकडीचे नाव जगन्नाथाचे, लेण्यांचे नाव विजासनचे. नावे बदलली म्हणून स्थळ बदलत नाही, पण नाव सांगणारा कुणी नसला तर दोन पिढ्यांत ते विसरले जाते. परतताना पवनी तालुक्यातल्याच रुयाळ येथील महासमाधीभूमीचा नवा महास्तूप पाहता येतो. जुन्या टेकडीनंतर नवा स्तूप, हा क्रम आम्हाला आवडला.

मनसर

मनसर नागपूरच्या उत्तरेला सुमारे पंचेचाळीस किलोमीटरवर, आपल्याच महामार्ग ४४ वर, रामटेकच्या अलीकडे. १९९८ पासून काही वर्षे जगत्पती जोशी आणि अ. कु. शर्मा यांनी इथे बोधिसत्व नागार्जुन स्मारक संस्थेसाठी उत्खनन केले. विटांचे मोठे, टप्प्याटप्प्यांनी चढत गेलेले बांधकाम आजही पाहण्यासारखे आहे, आणि पवनीपेक्षा इथे डोळ्यांना जास्त दिसते.

इथे वाद आहे. आचार्य नागार्जुनांशी हे स्थळ जोडणारे अभ्यासक आणि भिक्खू आहेत. वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याची राजधानी प्रवरपूर आणि तिथले मंदिर हेच, असे सांगणारेही अभ्यासक आहेत. सहलीतल्या तरुणांनी दोन्ही बाजू वाचून जावे. तिथल्या चौकीदाराशी किंवा दुसऱ्या सहलीतल्या लोकांशी हुज्जत घालण्याची ती जागा नव्हे. ज्यांना खरोखर लढायचे आहे त्यांनी ब्राह्मी लिपी शिकावी, पुरातत्त्वाची पदवी घ्यावी. आपल्या तालुक्यातून दोन मुले जरी त्या विभागात शिकायला गेली तरी वीस मोर्चांचे काम होईल.

मुंबईला गेल्यावर

६ डिसेंबरला चैत्यभूमीवर जाणारे बरेच जण एक दिवस राखून ठेवू शकतात. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातली कान्हेरी लेणी शंभराहून अधिक आहेत; सोमवारी बंद असतात. लोकलने नालासोपारा गाठले तर तिथला स्तूप पाहता येतो. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो उकरला आणि त्यातून दगडी करंडक निघाला. सोपाऱ्यातच अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. आठवा शिलालेख म्हणजे नेमका धम्मयात्रेचा. पूर्वीचे राजे शिकारीसाठी आणि मौजेसाठी यात्रेला जात. अशोक राज्याभिषेकानंतर दहा वर्षांनी संबोधीच्या स्थळी गेला आणि तेव्हापासून त्याच्या यात्रा धम्मयात्रा झाल्या. त्या यात्रांत तो काय करी तेही त्यात आहे: श्रमण-ब्राह्मणांची भेट आणि दान, वृद्धांची भेट आणि दान, आणि खेड्यापाड्यातल्या लोकांना भेटून धम्माविषयी बोलणे. म्हणून पवनीला गेलात तर तिथल्या गावकऱ्यांशीही बोला. टेकडी राखतात ती तीच माणसे.

खर्च, गाडी आणि वेळ

तीस-पस्तीस जण असतील तर एसटीची बस प्रासंगिक करारावर मिळते. आगारात आधी अर्ज द्यावा लागतो. संख्या कमी असेल तर साध्या एसटीनेही नागपूर सहज होते. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीच्या तिकिटात ५० टक्के सवलत आहे, ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना प्रवास मोफत आहे. आजीला सोबत न्यायचे असेल तर आधार कार्ड विसरू नका. मालवाहू पिकअपमध्ये माणसे भरून नेण्याचा प्रकार आपल्याकडे अजून चालतो. तो बंद करा. दोनशे रुपये वाचवण्यासाठी कुणाचे लेकरू गमावायचे नाही.

महिना निवडताना शेतीकडे पाहा. सोयाबीन काढणीला आणि कापूस वेचणीच्या भरात सहल ठेवली तर मजुरीवर जाणाऱ्या बाया येऊ शकत नाहीत, आणि मग यात्रा फक्त नोकरदारांची होते. आमचा अनुभव असा की जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारीचा मध्य हा काळ सर्वांना जमतो. मार्चनंतर चंद्रपूरकडचे ऊन सोसत नाही. वर्गणी एकदम मागण्यापेक्षा दिवाळीपासून दर आठवड्याला थोडी गोळा करा आणि हिशेब विहाराच्या फळ्यावर लिहा. जेवण घरचेच न्या: पोळ्या, चटणी, तिखट पुऱ्या, पिण्याचे पाणी. गाडीत दारू-खर्रा नाही, हे निघण्याआधी सर्वांसमोर सांगा.

स्थळावर काय करू नये

हे सांगताना थोडे आपल्याच माणसांवर रागवावे लागते. लेण्यात मेणबत्ती-अगरबत्ती लावली की काजळी धरते. वंदना बाहेर घ्या, आत फक्त हात जोडा. जुन्या मूर्तीला ऑइलपेंट फासणे, फरशी बसवणे, नाव कोरणे हे श्रद्धेतून झाले तरी नुकसानच. संरक्षित स्मारकाची हानी केल्यास १९५८ च्या कायद्याखाली, २०१० च्या दुरुस्तीनंतर, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. एखादी वीट किंवा शिल्पाचा तुकडा "विहारात ठेवू" म्हणून उचलून आणू नका. जागेवरून हलवला की त्याचा पुरावा म्हणून असलेला अर्थ संपतो.

आणि स्वतःच्या शेतात नांगरताना जुनी मोठी वीट, नाणी किंवा कोरीव दगड लागला तर? फोटो काढा, जागा खुणेने दाखवता येईल अशी ठेवा आणि तहसीलदारांमार्फत जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवा. जमिनीत सापडलेल्या ठेव्याची माहिती देणे १८७८ च्या निखात निधी कायद्याने बंधनकारकच आहे. पुरातत्त्व विभागाची कार्यालये नागपुरात आहेत, त्यांनाही एक प्रत पाठवा आणि पोहोच घेऊन ठेवा. पत्र आपल्या विहाराच्या नावाने गेले तर चांगले, शेतकऱ्याच्या सहीने गेले तर अधिक चांगले.